आयुर्वेद हॉस्पिटलात विभाग कोणताही, बेड रिकामा असेल तिथं : आईच्या बस्तीच्या वेळचा अनुभव

आमच्या भागात कॉलेजला जोडून जे आयुर्वेद हॉस्पिटल आहे तिथं बेड देण्याची पद्धत बदलली आहे, आणि त्याच्यावर कोणी नीट लिहिलेलं दिसलं नाही म्हणून लिहून राहिलो. पंचकर्मानं कंबर बरी होते का, काढे कडू असतात का, यावर लोकं भरपूर लिहितात. पण बेड मिळतो का, कोणत्या वॉर्डात मिळतो, आणि मिळाल्यावर आपला डॉक्टर तिथपर्यंत येतो का, हे गावाकडून येणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी माहीत पाहिजे. आपण एसटीनं येतो, पिशवीत चादर, तांब्या, दोन दिवसाच्या भाकरी, सोबत म्हातारं माणूस, आणि काउंटरवर "बेड नाही, पुढच्या सोमवारी पाहा" ऐकलं की भाडं गेलं, दिवस गेला, आणि दुखणारा माणूस पुन्हा तशाच खड्ड्यांतून घरी.

आईला गृध्रसी आहे, म्हणजे कंबरेतून निघून एका पायात पोटरीपर्यंत चमक जाते. कापूस वेचणाऱ्या बायांमधे हे दुखणं लय आहे, दिवसभर वाकून वेचायचं, कंबरेला बांधलेल्या फडक्यात भरत जायचं, संध्याकाळी गाठोडं डोक्यावर. ओपीडीतल्या मॅडमनं पाय उचलून वगैरे तपासलं आणि योगबस्ती सांगितली. बस्ती म्हणजे गुदमार्गानं आत सोडायचं औषध. आठ बस्त्यांचा क्रम असतो, पाच तेलाच्या आणि तीन काढ्याच्या, आलटून पालटून, आणि सोबत कटीबस्ती, म्हणजे उडदाच्या पिठाची पाळ कंबरेवर बसवून त्यात कोमट तेल धरून ठेवतात. रोज जाणं-येणं करून हे होत नाही, बस्ती घेऊन एसटीच्या मागच्या सीटवर बसायचं म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. त्यामुळं ॲडमिट करणंच भाग होतं.

आणि पंचकर्माचा बायांचा वॉर्ड फुल्ल. पोळा होऊन गेलेला होता, म्हणजे गर्दीचेच दिवस. ज्याला विदर्भातली शेती माहीत आहे त्याला सांगायला नको, आषाढ-श्रावणात निंदण-डवरणातून कोणी सुटत नाही, आणि पोळा झाला की सोयाबीन कापणीला येईपर्यंत अन कापूस फुटेपर्यंत थोडी उसंत मिळते, त्याच उसंतीत सगळे आपली आपली दुखणी घेऊन निघतात. वरून आयुर्वेदात पावसाळा हाच बस्तीचा काळ मानतात, या ऋतूत वात वाढतो म्हणून. शेतीचं वेळापत्रक आणि ऋतूचं वेळापत्रक दोन्ही एकाच वॉर्डावर येऊन पडतात. तेव्हाच शल्य विभागात, जिथं मूळव्याध-भगंदरवाले असतात, तिथं बेड रिकामे असतात, कारण क्षारसूत्राचा पेशंट काही पडून राहत नाही, औषध लावलेला धागा बांधून दोन-चार दिवसात घरी जातो आणि मग आठवड्याला धागा बदलायला ओपीडीत येतो.

याआधी दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही हेच भोगलं आहे. समोरच्या वॉर्डात गाद्या गुंडाळून ठेवलेल्या लोखंडी खाटा डोळ्यानं दिसत होत्या आणि आम्हाला सांगितलं की त्या वेगळ्या विभागाच्या आहेत, तुमच्या विभागाचा बेड नाही. आई तिथंच पायरीवर बसली होती. तेव्हा राग आला होता आणि आजही तो राग बरोबरच वाटतो, कारण खाटेला विभाग असतो हे पेशंटनं का म्हणून समजून घ्यायचं?

इथं मात्र वेगळं झालं. खाली केसपेपरच्या खिडकीच्या बाजूलाच एक टेबल आहे, तिथं एक सिस्टर बसतात आणि त्यांच्या मागं भिंतीवर सगळ्या वॉर्डांचा मिळून एकच फळा आहे. कायचिकित्सा, पंचकर्म, शल्य, शालाक्य (डोळे-कान-नाक-घसा), स्त्रीरोग, बालरोग, सगळे बेड नंबरवार, कोणता भरला, कोणता उद्या सुटणार, कोणता धुवायला काढला. सिस्टरनं फळ्याकडं पाहिलं, वर फोन लावला आणि आईला म्हणाल्या, "आजी, तुमची बस्ती पंचकर्माचीच मॅडम देतील, फक्त झोपायले शल्यच्या बायांच्या वॉर्डात जा. तिकडं जागा झाली की इकडं घेऊन येऊ." पंधरा-वीस मिनिटांत आई बेडवर होती. आईचा पहिला प्रश्न, "काहून रे, हे तं ऑपरेशनवाल्याइचा वॉर्ड हाय, माहं ऑपरेशन करतेत का?" तिला समजावण्यातच जास्त वेळ गेला. ही गोष्ट टेबलावरच दोन वाक्यात सांगायला पाहिजे, सगळ्यांना. म्हातारी माणसं वॉर्डाचं नाव वाचून किंवा बाजूच्या पेशंटचं बँडेज पाहून घाबरतात आणि रात्रभर झोपत नाहीत.

नंतर राउंडला आलेल्या मॅडमशी बोलणं झालं तेव्हा त्यांनी सांगितलं की चीनमधल्या पारंपरिक औषधाच्या हॉस्पिटलांत हे मोठ्या प्रमाणावर चालतं. तिकडं अशी हॉस्पिटलं ॲलोपॅथीच्या हॉस्पिटलांपासून वेगळी असतात, ॲक्युपंक्चरचा विभाग, मालिश करून हाडं-स्नायू ठीक करणारा विभाग, हाडाच्या दुखापतीचा विभाग, आणि गुदरोगाचा विभाग, हा गुदरोगाचा विभाग तिकडं चांगलाच जोरात असतो जसा आपल्याकडं क्षारसूत्राचा. प्रत्येक विभागाचे आपले बेड, आपला वॉर्ड, आणि तीच भानगड, एकीकडं रांग आणि दुसरीकडं रिकाम्या खाटा. म्हणून त्यांनी अख्खं हॉस्पिटल एकच वॉर्ड धरायचं ठरवलं. बेड विभागाचा नाही, हॉस्पिटलचा. एका जागेवरून सगळे बेड वाटायचे, ॲडमिट व्हायच्या आधीच रक्त-लघवी-एक्सरे उरकून घ्यायचं म्हणजे बेडवर पडून रिपोर्टची वाट पाहण्यात दिवस जात नाहीत, आणि पेशंट जिथं असेल तिथं त्याच्या विभागाचा डॉक्टर चालत जाईल. सेवा-शुश्रूषा मात्र ज्या वॉर्डात बेड आहे तिथल्याच नर्स करतात. अतिदक्षता, बाळंतीण आणि संसर्गाचे पेशंट यातून बाहेर ठेवतात. ग्वांगझूमधे १९३३ साली सुरू झालेलं ग्वांगदोंग प्रांताचं असं एक हॉस्पिटल आहे, किती तरी शाखा आणि हजारोंनी बेड, एवढ्या पसाऱ्यात हे काम कॉम्प्युटरशिवाय होणार नाही. आपल्याकडच्या हॉस्पिटलाला एक फळा, एक रजिस्टर आणि एक हुशार सिस्टर पुरते, हे मी डोळ्यानं पाहून आलो.

एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. तिकडंही ऋतूची गर्दी असते, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत त्यांचे सगळ्यात गरम दिवस, तेव्हा थंडीत उफाळणाऱ्या दम्यासाठी, सर्दीसाठी पाठीवर औषधी लेपाच्या पट्ट्या लावून घ्यायला लोक रांगा लावतात. पण ती गर्दी ओपीडीतच जिरते, पट्टी लावली अन घरी गेले. आपली बस्ती, आपलं विरेचन, म्हणजे औषधानं जुलाब करवणं, तसं नाही, त्याला पडायला जागा लागते, वेळेवर खाणं लागतं, संडास जवळ लागतो. त्यामुळं बेड वाटून घ्यायची गरज आपल्याकडं त्यांच्यापेक्षा काकणभर जास्तच आहे असं माझं मत.

मग इतकी वर्षं विभाग बेड का सोडत नव्हते? मी विचारलं. कारण असं की कॉलेजच्या मान्यतेसाठी विभागवार बेड दाखवावे लागतात आणि ते किती भरले याचाही हिशोब द्यावा लागतो. कॉलेजांवर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था आधी सीसीआयएम होती, २०२१ पासून एनसीआयएसएम आलं, पण तपासणीत वॉर्ड पाहतातच. एमडी-एमएसचे विद्यार्थी पण आपापल्या विभागाच्या बेडवर शिकतात. त्यामुळं दुसऱ्याचा पेशंट आपल्या बेडवर आला की आपला आकडा कमी झाला असं विभागाला वाटायचं. इथं त्यांनी तोडगा काढला की पेशंट रजिस्टरला ज्या विभागाचा आहे त्याच्याच नावावर मोजायचा आणि बेड कोणत्या वॉर्डातला ते वेगळ्या रकान्यात लिहायचं. साधी गोष्ट आहे पण हिच्याशिवाय बाकी काहीच झालं नसतं, माणसं आपल्या हातातली वस्तू हिशोब नीट झाल्याशिवाय सोडत नाहीत.

आता जिथं गडबड झाली ते सांगतो, कारण निव्वळ कौतुक करून कोणाचं भलं होत नाही.

पहिली गडबड नाश्त्याची. काढ्याची बस्ती, म्हणजे निरूह, ती रिकाम्या पोटी देतात, आणि तेलाची, म्हणजे अनुवासन, ती जेवण झाल्यावर. पंचकर्माच्या वॉर्डात हे मावशीपासून सगळ्यांना तोंडपाठ आहे. शल्यच्या वॉर्डात सकाळी गाडी आली, सगळ्यांना पोहे दिले, आईलाही दिले, आईनं खाल्ले. मॅडम बस्तीचं सामान घेऊन आल्या तर आई ताट धुवून बसलेली! त्या दिवशीची निरूह गेली, क्रम पुढं ढकलावा लागला, म्हणजे बेड एक दिवस जास्त अडकला, म्हणजे खाली टेबलावर वाट पाहणारा कोणीतरी आणखी एक दिवस थांबला. बेड वाचवायला काढलेली सोय एका ताटानं उलटी फिरते ती अशी. मॅडम किचनवर चिडल्या नाहीत, त्यांनी दुपारी बेडच्या डोक्याशी एक पिवळं कार्ड लावलं, त्यावर मोठ्या अक्षरात विभागाचं नाव आणि खाली रोजचं "आज उपाशी" किंवा "आज जेवून". दुसऱ्या दिवसापासून गाडीवाली मावशी कार्ड वाचून पुढं गेली. हे कार्ड पहिल्या दिवसापासून पाहिजे होतं, आणि मी म्हणतो पाहुण्या पेशंटचा बेड देतानाच ते टेबलावरून सोबत मिळायला पाहिजे.

दुसरी गडबड जास्त गंभीर आहे. एका रात्री आईचं पोट फुगलं, वारा अडकला, कळ यायला लागली. रात्रपाळीच्या सिस्टर शल्यच्या. त्यांनी शल्यच्या ड्युटी डॉक्टरला विचारलं, ते म्हणाले पेशंट पंचकर्माचा आहे, त्यांना विचारा. पंचकर्माच्या ड्युटीवर कोण आहे ते या वॉर्डात लिहिलेलं नव्हतं. सिस्टर बिचाऱ्या फोन फिरवत राहिल्या, मी जिन्यानं वर-खाली, शेवटी एक इंटर्न मुलगी धावत आली, तिनं पाहिलं, वरिष्ठांना फोन करून विचारलं, शेक दिला, ओवा-हिंगाचं काहीतरी दिलं आणि आईला आराम पडला. जिवावरचं काही नव्हतं. पण त्या मधल्या वेळात आईचं पार उतरलेलं तोंड मी पाहिलं आहे, आणि तेव्हा मला कळलं की बेड कोणाचा हा प्रश्न सुटला तरी रात्री दोन वाजता पेशंट कोणाचा हा प्रश्न वेगळा आहे. तो सुटल्याशिवाय ही सोय पूर्ण नाही. माझं म्हणणं साधं आहे, पेशंट उसन्या वॉर्डात असेल तर रात्री सगळ्यात आधी त्याच वॉर्डाच्या ड्युटी डॉक्टरनं येऊन हात लावायचा, नाडी-बीपी पाहायचं, आणि मग मूळ विभागाला बोलवायचं. "आमचा नाही" हे वाक्य पेशंटच्या बेडपाशी कोणी बोलूच नये. दुसऱ्या दिवशी मी हे लेखी देऊन आलो, अधीक्षक साहेबांनी वाचून घेतलं आणि मी असेपर्यंत तरी त्या पिवळ्या कार्डावर रात्रीच्या डॉक्टरचं नाव यायला लागलं होतं. पुढं टिकलं का ते जे आत्ता ॲडमिट आहेत त्यांनी पाहावं.

तेलाचंही एक आहे. अभ्यंग झालेला पेशंट म्हणजे चादर, उशी, गादी सगळं तेल. पंचकर्माच्या वॉर्डात रेक्झिनच्या गाद्या असतात आणि जुन्या चादरी वेगळ्या ठेवलेल्या असतात, शल्यच्या वॉर्डात पांढऱ्या चादरी. तिथल्या मावशी पहिल्या दिवशी जरा कुरकुरल्या आणि त्यांचं चुकीचं नव्हतं, तेलाची चादर धुवायला दुप्पट मेहनत लागते, ती मेहनत त्यांच्या वाट्याला का. आणि फरशीवर तेलाचे पाय उमटले तर ऑपरेशन झालेली बाई घसरून पडेल ही भीती खरी आहे. त्यावर त्यांनी केलेलं मला पटलं, मालिश-शेक सगळं पंचकर्माच्या खोलीतच, तिथंच कोमट पाण्यानं अंग पुसून, पायात मोजे घालून मग बेडवर आणायचं, चादर पंचकर्मातून येणार आणि धुवायला पंचकर्मातच जाणार. हे झाल्यावर मावशींचं आणि आईचं चांगलं जमलं, त्या आईला "बाई, सांभाळून येजा" म्हणत हात धरून नेत होत्या.

कोणाला दुसऱ्या वॉर्डात पाठवायचं आणि कोणाला नाही, यातही डोकं लावलेलं दिसलं. विरेचनाच्या पेशंटला ते कधीच लांब टाकत नाहीत. आधी काही दिवस सकाळी वाढत्या मात्रेत तूप पाजतात, मग जुलाबाचं औषध, आणि त्या दिवशी किती वेळा झाले ते मोजून लिहावं लागतं, अशक्तपणा येतो का पाहावं लागतं, संडास चार पावलांवर पाहिजे. असा माणूस पंचकर्माच्याच वॉर्डात, जाणत्या सिस्टरच्या नजरेसमोर. नंतर पेज, विलेपी, मुगाचं कढण असं हळूहळू जेवण वाढवतात ते दिवस मात्र तो कुठल्याही वॉर्डात काढू शकतो, फक्त किचनला कार्ड दिसलं पाहिजे. तूप पिणाऱ्यांना पण शक्यतो हलवत नाहीत, कारण बाजूच्या बेडवर कोणी ठेचा-भाकरीचा डबा उघडला की त्या वासानं त्यांना उमळून येतं. म्हणजे बस्तीवाले आणि नुसते शेक-मालिशवाले बाहेर, नाजूक वेळ असलेले आत. बाळंतिणीच्या आणि लेकरांच्या वॉर्डाचे बेड फळ्यावर दिसतात पण वाटत नाहीत, त्यावर लाल रेघ आहे, आणि ते तसंच राहावं. ताप-खोकल्याच्या पेशंटला ऑपरेशनवाल्यांच्या बाजूला देत नाहीत हेही मी विचारून खात्री करून घेतलं.

पैशाचं म्हणाल तर बेडचा चार्ज जनरल वॉर्डचाच लागला, वॉर्ड बदलला म्हणून काही वाढलं नाही. पण ज्यांचा विमा आहे त्यांनी एक पाहा. १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीसारख्या, उपचारांना बाकीच्या उपचारांसारखंच धरायचं असा नियामकाचा आदेश आहे, त्यामुळं आता बरेच लोक पंचकर्माचा क्लेम टाकून राहिले. डिस्चार्ज कार्डावर वॉर्ड शल्य आणि उपचार बस्ती असं आलं तर कंपनी विचारणारच की हे काय. म्हणून निघताना कार्डावर उपचार करणारा विभाग आणि डॉक्टर ठळक लिहून घ्या, बेड नंबर खाली. आमच्या बाजूच्या बेडवरच्या ताईंच्या मुलानं हे आधीच सुचवलं म्हणून आम्ही पण तसंच करून घेतलं.

उपचाराबद्दल थोडंच लिहितो, कारण प्रत्येकाचं शरीर वेगळं. आईची चमक पूर्ण गेली नाही, पण पोटरीपर्यंत जाणारी आता मांडीतच थांबते, आणि रात्री कूस बदलताना ती ओरडत नाही. मॅडमनं वेचणीला एवढ्यात जाऊ नका म्हणून सांगितलं आहे, ते ऐकेल तर आई कसली.

मधे एकदा पंचकर्माच्या वॉर्डात बेड सुटला तेव्हा आम्हाला तिकडं हलवायचं का म्हणून विचारलं. आई म्हणाली, "मले आता इथंच राहू द्या, ह्या बायाइशी ओळख झाली." सिस्टरनं ऐकलं आणि तो बेड खाली वाट पाहणाऱ्या एका बाईला दिला. विचारून हलवणं हे मला खूप आवडलं. पेशंटला सारखं या वॉर्डातून त्या वॉर्डात नेत राहिलं तर औषधाची वेळ, सामान, सोबतचा माणूस सगळंच विस्कटतं, आणि रिकाम्या जागा भरण्याच्या नादात हे व्हायला वेळ लागत नाही.

जाणार असाल तर पोळ्याच्या आधीच ओपीडीत दाखवून त्या टेबलावर नाव लिहून ठेवा. रक्त-लघवी आणि एक्सरे त्याच दिवशी करून घ्या, बेड सुटला की फोन येतो, आणि रिपोर्ट हातात असले की आल्याच्या दिवशी उपचार सुरू होतो. दुसऱ्या वॉर्डात बेड मिळाला तर नाही म्हणू नका, पण पिवळं कार्ड मागून घ्या आणि त्यावर रात्रीच्या डॉक्टरचं नाव आहे का पाहा, नसेल तर सिस्टरला म्हणा आत्ताच लिहा. सोबत दोन जुन्या गडद रंगाच्या चादरी, जाड मोजे आणि पाण्यासाठी उभट गंज, म्हणजे पातेलं, न्या, गरम पाणी खालीच मिळतं. चैत्र-वैशाखात ज्यांना जमेल त्यांनी तेव्हाच जाण्याबद्दल डॉक्टरांना विचारून पाहा, उन्हामुळं तेव्हा वॉर्ड बरेच मोकळे असतात असं सिस्टर म्हणाल्या, मात्र कोणता उपचार कोणत्या ऋतूत द्यायचा ते तेच ठरवतील.